हेलिकॉप्टरचं इंजिन चांगलं चाललंय, मग उघडायचं कशाला?

कोल्हापूरला आलो की उद्यमनगरात एक फेरी होतेच आणि तिथं कुणी ना कुणी हा प्रश्न टाकतंच. इंजिन चालू होतंय, आवाज बरोबर, पॉवर बरोबर, तेल खात नाही, मग तुम्ही लोक ते खोलून का बसता? विचारणारी माणसं लेथवर आयुष्य घालवलेली, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारी, त्यामुळं प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. त्यात मागच्या प्रचाराच्या धामधुमीत आपल्या जिल्ह्यात एका मैदानावर हेलिकॉप्टर रात्रभर उभं राहिलं, सभा रद्द झाली आणि तासाभरात सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरला की हेलिकॉप्टर बिघडलं, थोडक्यात वाचले. ते बिघडलेलं नव्हतं. त्याच्या इंजिनाची एक सक्तीची तपासणी ड्यू झाली होती आणि तिथला इंजिनिअर मीच होतो, म्हणून आता नीट सविस्तर लिहितो.

मी हेलिकॉप्टरचा एएमई आहे, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संचालनालयाचं लायसन्स असतं, त्यात बी १.३ ही कॅटेगरी टर्बाइन हेलिकॉप्टरची. बरीच वर्षं जुहूला काढली, बॉम्बे हायला जाणारी मशीन बघितली, नंतर चार्टरवाल्यांकडं. काम झाल्यावर 'हे मशीन उडायला योग्य आहे' म्हणून सही करायची असते, आणि ती सही कंपनीची नसते, माझ्या लायसन्सवर असते.

तर सक्तीची तपासणी. आमच्यात तिला एडी म्हणतात, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. ही कुणाच्या डोक्यातून निघत नाही. जगात कुठंतरी एखादं इंजिन हवेत बंद पडतं, किंवा ओव्हरहॉलला उघडल्यावर एखाद्या पार्टला क्रॅक दिसतो, ते कंपनीला कळवलं जातं, कंपनी तो पार्ट कापून मायक्रोस्कोपखाली बघते, मग आणखी कुठं कुठं असं झालंय ते शोधते, आणि सर्व्हिस बुलेटिन काढते. बुलेटिन म्हणजे कंपनीचं सांगणं. पण हा दोष तसाच ठेवला तर माणसं मरू शकतात असं ज्या देशात त्या इंजिनाचं डिझाइन मंजूर झालंय तिथल्या सरकारी यंत्रणेला वाटलं की ती एडी काढते आणि मग ते सांगणं राहत नाही, कायदा होतो. सफ्रानच्या एरियल इंजिनाची एडी युरोपच्या ईएएसएकडून येते, रोल्स-रॉईसच्या एम२५० ची अमेरिकेच्या एफएएकडून, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची ट्रान्सपोर्ट कॅनडाकडून. ही माहिती ज्या ज्या देशात ते इंजिन उडतंय तिथं पोचवायचीच असं आंतरराष्ट्रीय बंधन आहे, शिकागो कराराच्या आठव्या परिशिष्टात. आपल्याकडं डीजीसीए ती बंधनकारक धरते. कोल्हापुरात उतरलेल्या मशीनला टेक्सासमधल्या नाहीतर नॉर्वेतल्या एखाद्या घटनेमुळं थांबावं लागतं ते असं.

एडीचा कागद दोन-चार पानांचा असतो पण त्यातला शब्द न् शब्द वाचावा लागतो. आधी कुठल्या मॉडेलला लागू, मग कुठला पार्ट नंबर, कधी कधी फक्त ठरावीक सीरियल नंबर. मग कारण. मग काय करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधीपर्यंत. इतके फ्लाइंग अवर्स, किंवा इतक्या सायकल म्हणजे इंजिन चालू-बंद होण्याचे फेरे, किंवा इतके महिने, जे आधी येईल ते. काही एडी इतक्या गंभीर असतात की 'पुढच्या उड्डाणाआधी' एवढंच लिहिलेलं असतं, मग मशीन जिथं असेल तिथंच थांबतं. काही तपासण्या एकदाच करायच्या असतात, काही दर ठरावीक तासांनी करत राहायच्या, जोवर सुधारलेला पार्ट बसवून ती एडी कायमची बंद होत नाही तोवर. नेहमीच्या शेड्यूल मेंटेनन्सला थोडं मागंपुढं करायला नियमातच जागा असते, पाच-दहा टक्के इकडंतिकडं चालतं. एडीत तशी जागा नसते, त्या कागदातच दिली असली तरच. बाहेरच्या लोकांना नेमकं हेच पटत नाही, पन्नास मिनिटांनी काय होतंय असं वाटतं.

त्या मैदानावर हेच झालं. दौरा आखला तेव्हा तास हिशोबात बसत होते, पण प्रचारात कुणाचा हिशोब टिकतोय, मध्येच दोन सभा वाढल्या, एक गाव वाढलं, आणि इथं पोचेपर्यंत पुढचं उड्डाण केलं असतं तर हवेतच लिमिट ओलांडलं असतं. मी पायलटला सांगितलं, त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. पण आयोजकांपैकी एकजण आला, चांगला माणूस, चहा घेऊन आला होता, म्हणाला, "अहो चालतंय की, सकाळीच उडत आलंय न्हवं, एक सभा मारू द्या, मग रात्री बसा काय खोलायचं ते खोलत." मग मागून फोन सुरू झाले, मोठ्या मोठ्या माणसांचे. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, की सही होणार नाही.

आता ती तपासणी काय होती ते सांगतो, कारण उद्यमनगरातल्या लोकांना ती लगेच कळेल. एरियल २ जातीच्या इंजिनात इंधनाचा पंप गिअरबॉक्सवरून फिरतो, आणि पंपाच्या शाफ्टला स्प्लाइन म्हणजे उभे दाते असतात, एका स्लीव्हमधून ड्राइव्ह जातो. हे स्प्लाइन झिजायचे. झीज वाढत वाढत एक दिवस दात पकडच सोडतात, पंप फिरायचा थांबतो, इंधन थांबतं, इंजिन विझतं. बाकी अख्खं इंजिन नव्यासारखं असतं, टर्बाइन ठीक, कंप्रेसर ठीक, फक्त ती बोटभर जागा गेलेली. असं हवेत बंद पडल्याच्या घटना झाल्या म्हणून ठरावीक तासांनी ते स्प्लाइन काढून, साफ करून, झीज बघायची सक्ती आली. आणि या झिजेचा कॉकपिटमध्ये काही पत्ता लागत नाही. तापमान बदलत नाही, प्रेशर बदलत नाही, आवाज बदलत नाही. शेवटचा दात शाबूत असेपर्यंत सगळं शंभर टक्के, आणि मग शून्य.

आम्ही संध्याकाळी काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण उघडलं, जनरेटरवर दोन हॅलोजन लावले, पंपाचं युनिट उतरवलं. स्प्लाइनच्या बुडाशी लालसर तपकिरी भुकटी होती, स्टील स्टीलवर बारीक घासत राहिलं की निघते ती. पुसून भिंगाखाली धरलं तर दाताच्या एका अंगाला पायरी पडलेली, नख फिरवलं तर अडकत होतं. मॅन्युअलमधली लिमिट बघितली, मोजलं, बाहेर गेलेलं. म्हणजे तपासणी वेळेत केली म्हणून सापडलं. दुसरं युनिट मुंबईहून गाडीनं निघालं, पहाटे किणी टोलनाका ओलांडल्याचा फोन आला, सकाळी बसवलं, लीक चेक केला, ग्राउंड रन घेतला, कागद पूर्ण केले आणि सही केली. त्या रात्री जे लोक चिडले होते त्यांना ते झिजलेले दात दाखवायची फार इच्छा होती पण तोवर सगळे पांगले होते.

मित्र म्हणतात की आमच्या गुऱ्हाळावरची जुनी ऑइल इंजिनं बघ, धूर बदलतो, ठोका बदलतो, चार दिवस आधी सांगतात. खरं आहे, आणि म्हणूनच कोल्हापूरच्या माणसाचा इंजिनावर विश्वास आहे, तीन-चार पिढ्या ऑइल इंजिनं बनवली आपण. पण टर्बाइनचं वागणं वेगळं. एरियलचा गॅस जनरेटर, म्हणजे कंप्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन, मिनिटाला पन्नास हजारांच्या वर फेरे मारतो. टर्बाइनचं एक ब्लेड म्हणजे बोटाचं पेर, पण त्या वेगाला त्याच्यावर बाहेरच्या बाजूला जी ओढ बसते ती टनांत जाते, आणि हे सगळं लालबुंद तापलेल्या अवस्थेत. त्यात क्रॅक सुरू झाला तर तो किती दिवसात किती वाढेल ते कानाला कळत नाही.

तासांपेक्षा सायकलचा त्रास जास्त. इंजिन चालू करून तापवायचं, पॉवर घ्यायची, बंद करून गार करायचं, ही एक सायकल ढोबळमानानं. समुद्रात रिगवर जाऊन येणारं मशीन लांबचं उडतं, तासाला सायकली कमी. प्रचाराचं किंवा केदारनाथच्या शटलसारखं आठ-दहा मिनिटांची उड्डाणं मारणारं मशीन तेवढ्याच तासात कितीतरी जास्त सायकली खातं. टर्बाइनच्या डिस्कला, म्हणजे ब्लेडं जिच्यावर बसतात त्या चकतीला, आयुष्य सायकलीत दिलेलं असतं, ते संपलं की डिस्क दिसायला कितीही चकाचक असो, भंगारात. लोकांना हे फार जीवावर येतं, कारण एका डिस्कच्या किमतीत आपल्याकडं फ्लॅट येतो. पण डिस्क फुटली तर तिचा तुकडा इंजिनाच्या केसिंगमध्ये थांबेलच असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून तिथं दुसरा विचारच नको.

बोअरस्कोप हा माझा आवडता भाग. इंजिन न खोलता एका छोट्या प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालायची आणि हातानं टर्बाइन हळूहळू फिरवत एकेक ब्लेड स्क्रीनवर बघायचं. पहिलं ब्लेड कुठलं ते लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर पूर्ण चक्कर झाली की नाही कळत नाही. कडा जळलीय का, टोक ओढल्यासारखं लांबलंय का, मुळाशी बारीक रेघ आहे का. बऱ्याच वेळा ती रेघ काजळीची निघते, आणि काजळी आहे का क्रॅक आहे हे ठरवायला अर्धा अर्धा तास जातो, नळी वाकवून, उजेड कमीजास्त करून. घाईत बघितलं तर सगळी ब्लेडं सारखीच दिसतात.

एम२५० च्या तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजच्या टर्बाइन व्हीलला अशीच एक सक्तीची तपासणी लागू आहे. बेल २०६ मध्ये असलेल्या सी२० जातीच्या इंजिनात या व्हीलची ब्लेडं क्रॅक होऊन गेल्याच्या घटना झाल्या, मग एफएएनं डोळ्यांनी आणि फ्लुरोसंट पेनिट्रंट टेस्टनं पुन्हा पुन्हा तपासायची एडी काढली. ही टेस्ट शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना नवी नाही, आपल्याकडं कास्टिंगला डीपी टेस्ट मारतात, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर, तिचीच बहीण. फक्त डाय चमकणारा असतो, अंधाऱ्या खोलीत यूव्ही लाइटखाली धरलं की क्रॅक हिरवट पिवळा उजळतो. केसापेक्षा बारीक रेघ, साध्या उजेडात कुणी दाखवली तरी दिसली नसती. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता कारण ते व्हील आदल्याच आठवड्यात उडालेलं होतं.

आणि चिप. इंजिनाच्या तेलात लोहचुंबक लावलेला प्लग असतो, त्याला चिप डिटेक्टर म्हणतात, आत बेअरिंग किंवा गिअर खराब व्हायला लागला की धातूचे कण त्याला चिकटतात. प्लग काढायचा, कण पांढऱ्या कपड्यावर पुसून घ्यायचे आणि बघायचं. नुसता करडा लगदा असेल तर बहुतेक वेळा साधी झीज. चकचकीत पापुद्रा असेल तर थांबायचं. कण कुठल्या धातूचा यावरून तो कुठल्या पार्टचा ते शोधायचं. १ एप्रिल २००९ ला स्कॉटलंडमध्ये पीटरहेडजवळ समुद्रात सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, १६ जण होते, एकही वाचला नाही. तिथं इंजिन गेलं नव्हतं, मेन गिअरबॉक्समधला एक गिअर क्रॅक जाऊन फुटला आणि रोटरच सुटला. पण २५ मार्चला, म्हणजे आठवडाभर आधी, त्याच गिअरबॉक्सच्या चिप डिटेक्टरवर एक कण सापडलेला होता. ऑपरेटर आणि कंपनी यांच्यात फोन झाले, ईमेल झाले, त्यात समजुतीचा घोळ झाला, ज्या भागात बघायला हवं होतं तिथलं उघडून बघणं राहिलं आणि मशीन उडत राहिलं. ब्रिटिश तपास यंत्रणेचा तो रिपोर्ट मी नवीन पोरांना वाचायला लावतो. त्यात कुणी हरामखोर माणूस नाही. सगळे आपापलं काम करत होते, आणि एवढा एक कण मधल्या मध्ये निसटला.

पुढं २०१६ च्या २९ एप्रिलला नॉर्वेत तुरोयला तसलाच गिअर फुटला, १३ गेले, आणि तिथं तर चिप डिटेक्टरनं आधी काही इशाराच दिला नाही, क्रॅक आतल्या आत वाढला. हे आठवलं की जे इशारे मिळतात ते तरी सोडायचे नाहीत असं वाटतं.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं म्हणजे धूळ. मैदानावर हेलिपॅड करतात तेव्हा टँकरनं पाणी मारतात, ते शोभेसाठी नसतं. उतरताना रोटरचा वारा जमिनीवर आपटून वर येतो आणि सगळी माती इंजिन ओढून घेतं. कंप्रेसरची ब्लेडं त्या मातीनं घासून पातळ होतात, पॉवर हळूहळू कमी होते, मग तेवढ्याच कामाला इंजिन जास्त तापतं आणि टर्बाइनचं आयुष्य खातं. म्हणून पॉवर चेक घेऊन आकडे लिहून ठेवायचे असतात, एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, दोन-तीन महिन्यांची रेघ बघितली की कळतं. साखर कारखान्याच्या आवारात उतरलो तर बगॅस. एकदा सीझनमध्ये उतरल्यावर मी इनटेकची जाळी बघितली तर उसाच्या चोथ्याचे तंतू अक्षरशः विणल्यासारखे अडकलेले, हातानं एकेक ओढून काढले, आणि वाऱ्याची दिशा बदलली म्हणून पुढच्या वेळी जागा बदलून घेतली. जुहूला उलटा त्रास, खारी हवा. तिथं दिवसाच्या शेवटी कंप्रेसरला गोड्या पाण्यानं धुवायचंच, नाहीतर मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून तापलेल्या ब्लेडला आतून पोखरतं.

हे सगळं का एवढं मनावर घेतो असं घरचे विचारतात. इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर धाडकन खाली येतं असं नाही, पायलटनं सेकंद दोन सेकंदात कलेक्टिव्ह, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा, खाली घेतला तर खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि उतरता येतं, त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण उतरायला जागा पाहिजे. शिरोळच्या बाजूला सपाट रानं आहेत. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटावर, आंबा घाटाच्या जंगलावर, दाजीपूरच्या वर कुठं उतरणार? आणि फार उंची नसताना, एका जागी तरंगत असताना इंजिन गेलं तर तेवढाही वेळ मिळत नाही. २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवेवर पाणी आलं, रस्ते तुटले, तेव्हा वरून आवाज आला की लोक गच्चीवर यायचे. सैन्यदलाची हेलिकॉप्टरं डीजीसीएखाली येत नाहीत, त्यांची स्वतःची तपासणीची व्यवस्था आहे आणि ती कडक आहे. गच्चीवरून माणूस उचलताना ते मशीन नेमकं एका जागी तरंगत असतं, खाली पाणी, बाजूला तारा. तिथं इंजिनानं दगा द्यायचा नसतो, आणि ते आधी कुणीतरी शेडमध्ये उघडून बघितलेलं असतं म्हणून देत नाही.

प्रेशर कायम येतं, ते कमी होणार नाही. कंपनीचं येतं, कार्यक्रमवाल्यांचं येतं, कधी आपल्याच सीनियरचं. नव्या एएमईला मी एवढंच सांगतो की तोंडी बोलत बसू नको, लॉगबुकमध्ये लिही. एकदा डिफेक्ट लिहिला की तो पुसायचा अधिकार कुणाला नाही, तो काम करूनच बंद करावा लागतो, आणि मग फोन करणाराही गप्प बसतो. लायसन्स गेलं तर माझं जातं, पण आत बसलेल्यांचं त्यापेक्षा जास्त जातं. आणि चांगल्या पायलटची साथ असली तर अर्धं काम होतं, इंजिनिअर नाही म्हणाला की 'नाही' म्हणणारे पायलट मी बघितलेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

जिल्ह्यात ज्यांच्याकडं हेलिपॅडचं काम येतं त्यांच्यासाठी थोडं. इंजिनिअरनं काउलिंग उघडलं तर भोवती गर्दी होऊ देऊ नका, फोटो लांबून घ्या, एक टेबल, सावली आणि रात्र झाली तर चांगला उजेड द्या. खाली पडलेला एक नट शोधायला पूर्ण मैदान बघावं लागतं, गर्दीच्या पायाखाली तो गेला तर मशीन हलत नाही. जवळपासचे फ्लेक्स, मांडवाचं कापड, पत्रावळ्या, पाचट आधीच लांब हटवा. टँकर फार आधी मारू नका, उन्हात वाळून परत धूळच होते, उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी मारा आणि पॅडच्या बाहेरही चांगलं लांबपर्यंत मारा, चिखल होईल इतकं नको. आणि आदल्या दिवशी ऑपरेटरकडून इंजिनिअरचा नंबर घेऊन त्याला एक फोन करा, मशीन कुठलं आहे, किती तास उरलेत, काही ड्यू आहे का ते तो सरळ सांगतो, म्हणजे वाढीव सभा ठरवायच्या आधीच तुम्हाला कळेल की जमतंय का नाही.